मधल्या खोलीतला सूर्य

१

आमच्या घरात सूर्य सकाळी सात वाजता उगवतो आणि रात्री नऊ वाजता मावळतो. बारा महिने, एका मिनिटाचा फरक नाही. बाहेर, बनारसच्या दूधविनायकाच्या गल्लीत, खरा सूर्य फार तर पाऊण तास येतो, तोही तिसऱ्या मजल्यावरच्या पत्र्याला शिवून परत जातो. खालच्यांनी त्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. मी पाहिली नाही. रेल्वेच्या विद्युत विभागात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला सूर्य बनवायला ट्यूबच्या चार जोड्या, एक टायमर आणि एक रविवार पुरतो.

हा सूर्य आमच्या मधल्या खोलीत आहे. खोलीला खिडकी नाही. पूर्वी तिथे धान्य आणि जादा गाद्या असायच्या. मी तिथे ऑर्किडं लावली. सिलिगुडीला बदली होती तेव्हा कालिम्पोंगहून तीन रोपं टॉवेलात गुंडाळून आणली होती, त्यांची आता चाळीसच्या वर झाली आहेत. लोक म्हणतात, ऑर्किड नाजूक असतं. त्यांना मी खोली दाखवतो. कोळशाच्या तुकड्यांवर बसवलेली मुळं, खेळती हवा राहावी म्हणून एक छोटा पंखा, हवा दमट राहावी म्हणून दाराखाली गोणपाटाची गुंडाळी. चौदा तास उजेड, दहा तास अंधार. एवढं पाळलं की प्रत्येक थंडीत झाड एक लांब दांडा काढतं आणि त्यावर ओळीने फुलं लागतात. अंधारही उजेडाइतकाच पाळावा लागतो. तो लोक विसरतात, मी विसरत नाही.

माझं नाव ढुंढिराज. गल्लीत कुणाच्याही घरी फ्यूज उडाला की पहिली हाक मला येते. हे सांगतो ते बढाई म्हणून नाही. पुढचं जे सांगणार आहे ते एका घाबरट म्हाताऱ्याचं नाही, एवढं आधीच कळावं.

२

लीलाला, म्हणजे माझ्या बायकोला, फुलं आवडायची आणि अंधार आवडायचा नाही. तिचं माहेर इथलंच, रामघाटावरचं. त्या घरात कुणा अर्धवट मिस्त्रीने सगळी बटणं उलटी बसवली होती, वर केलं की दिवा लागायचा. लग्नानंतर पस्तीस वर्षं ती आमच्या घरातही बटण आधी वरच ढकलायची. अंधारात खट् असा आवाज यायचा, दिवा लागायचा नाही, आणि मी असेन तिथून म्हणायचो, "लीला, खाली." मग दिवा लागायचा. त्यावरून मी तिला किती चिडवलं असेल त्याला गणती नाही.

मागच्या पौषात तिचं हृदय थकलं. डॉक्टरांनी थंडीपासून जपायला सांगितलं. आमच्या घरात सगळ्यात ऊबदार जागा मधली खोली, म्हणून तिची खाट तिथल्या आतल्या कोपऱ्यात टाकली. ती तिथे होती ते सोळा दिवस मी टायमर काढून ठेवला आणि ट्यूब रात्रंदिवस चालू ठेवल्या. ती पडल्या पडल्या फुलं बघायची. एकदा म्हणाली, "अहो, मी गेले तरी इथे अंधार करू नका हं."

"नाही करणार," मी म्हणालो.

ती संध्याकाळी गेली. माणूस जातं त्या जागेवर आमच्यात दहा दिवस दिवा ठेवतात. दिव्याचं तोंड दक्षिणेला, खाली तांदळाचं पीठ पसरलेलं. दिवा विझू द्यायचा नाही. दहाव्या दिवशी पिठावर काय उमटलंय ते बघतात आणि त्यावरून गेलेल्या माणसाची गती सांगतात. आम्ही कोपऱ्यातली खाट काढून तिथे दिवा ठेवला. पहिल्या तासात पंख्याच्या वाऱ्याने तो दोनदा विझला. पंखा बंद केला असता तर मुळं कुजली असती. म्हणून मी पितळी दिव्यात झिरोचा बल्ब बसवला, बोर्डावरच्या मोकळ्या सॉकेटला जोडला आणि होल्डरचं तोंड दक्षिणेला केलं.

दत्तात्रेयशास्त्री रामघाटाहून आले होते. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "ढुंढिराज, दिव्याला तेल लागतं."

"गुरुजी, तेलाचा दिवा विझतो. हा विझणार नाही," मी म्हणालो.

दहा दिवस रात्री खोलीचं दार लावून घेत होतो, मांजर पिठात शिरू नये म्हणून. पहाटे मी घाटावर जायचो, साडेसातला परत येऊन दार उघडायचो. दिवा चालू असायचा. माझी मुलगी मृणालिनी कानपूरला बँकेत असते, ती तेव्हा इथेच होती. रोज सकाळी विचारायची, "बाबा, रात्रभर होता ना दिवा?" मी म्हणायचो, "होता."

दहाव्या दिवशी पिठावर ओरखडे निघाले. चार चार रेघा, एकमेकींना समांतर, दिव्याच्या चारी बाजूंनी पुन्हा पुन्हा ओढलेल्या. शास्त्रीबुवांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पाखराचं पाऊल दिसतंय. चांगलं आहे." मृणाल रडली. मी मनात म्हटलं, उंदीर. पण तिला बरं वाटत होतं, म्हणून गप्प बसलो.

३

यंदाच्या पौषात, वर्षश्राद्धाला आठ दिवस उरले असताना, पहिला दांडा वाकला.

आतल्या कोपऱ्यापासून दारापर्यंत भिंतीला लागून एक लोखंडी मांडणी आहे. तिच्या मधल्या फळीवर, चालताना हात सहज टेकेल अशा उंचीवर, यंदा फुलावर आलेल्या नऊ कुंड्या एका ओळीत होत्या. दांडा नेहमी उजेडाकडे जातो. उजेड वर आणि समोर, म्हणून नऊही दांडे समोर झुकलेले होते. त्या सकाळी कोपऱ्याजवळचा पहिला दांडा आडवा होता, दाराच्या दिशेला.

कारण सापडायला मला दोन मिनिटं लागली. पंख्याचं तोंड किंचित फिरलं होतं. ते सरळ केलं, दांड्याला बांबूची काडी लावली आणि लीलाच्या केसांच्या छोट्या चापाने अडकवला. हे चाप या कामाला उत्तम असतात. तिच्याकडे डबाभर होते.

दुसऱ्या दिवशी दुसरा दांडा वाकलेला होता. पहिल्याचा चाप निघून फळीवर पडला होता.

आमच्याकडे कामाला गंगा येते. केर काढता काढता ती म्हणाली, "बाबूजी, ई कमरा में रोज आटा के गिरावेला?"

पीठ कोण सांडतं म्हणून मी वाकून पाहिलं. मांडणीच्या पायांशी पांढरी भुकटी होती, चिमूटभर. "आटा नहीं है गंगा, चूना है. दीवार झड़ रही है," मी म्हणालो.

तिने बोटाने थोडी उचलली, चोळली, माझ्याकडे पाहिलं आणि केरात टाकली. तिला भिंतीतलं काय कळणार, असं मला वाटलं. भिंतीवर हात फिरवून बघावं हे मात्र मला सुचलं नाही. दोन वर्षांपूर्वी मीच तिला ऑइलपेंट लावला होता.

४

रोज एक दांडा वाकत गेला. तिसरा, मग चौथा. पंखा एक रात्र बंद ठेवला, तरी पाचवा. उंदरांचा सापळा लावला. सापळा रिकामा आणि सहावा दांडा आडवा. सगळे एकाच दिशेला, कोपऱ्याकडून दाराकडे. आणि पानं स्वच्छ. ऑर्किडच्या पानांवर पाण्यातल्या क्षाराची पांढरट साय धरते, ती मी आठवड्याला पुसतो. वाकलेल्या झाडांची पानं कडेकडेने आधीच पुसलेली असायची, कुणीतरी त्यांना धरून पुढे सरकल्यावर होतील तशी.

हे शेवटचं वाक्य मी आत्ता लिहितोय. तेव्हा मी मनाला ते लिहू दिलं नव्हतं.

मृणाल श्राद्धासाठी आली. तिला झाडांचं काही सांगितलं नाही. ती बॅग ठेवून थेट मधल्या खोलीत गेली आणि आईच्या कोपऱ्यापाशी उभी राहिली.

"बाबा, ही फुलं सगळी दरवाज्याकडे का बघतायत?"

"उजेडाचं असतं तसं. कुठून तरी लीक होत असेल."

"दरवाज्यातून? तो तर बंद असतो."

"शोधतो आहे. सापडेल," मी म्हणालो, आणि खरंच तशी खात्री होती. आजवर मला न सापडलेला फॉल्ट नाही.

रात्री जेवताना ती म्हणाली, "मला अजून ते पाखराचं पाऊल आठवतं. वर्षभर त्याच्यावरच होते मी. आई अंधाराला इतकी भ्यायची, पण शेवटचे दहा दिवस तरी दिवा होता तिच्यापाशी, असं वाटायचं."

मी तिला आणखी भाजी वाढली.

५

फॉल्ट शोधायची एक रीत असते. सगळं बंद करायचं आणि एकेक सुरू करत जायचं. श्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी मृणाल शास्त्रीबुवांकडे गेली होती. मी मधल्या खोलीत स्टूल टाकलं, दार लावलं, गोणपाट नीट बसवलं. अंधारात कुठून उजेड शिरतो ते बघायचं होतं. नोंदी करायला टेबललॅम्प हवा, तो बोर्डावरच्या मोकळ्या सॉकेटला लावला. ट्यूब गेल्या तरी लॅम्प राहील, असा विचार. मग टायमरची चकती हाताने फिरवून दुपारी दोनलाच रात्रीचे नऊ वाजवले.

कट् असा आवाज झाला. ट्यूब गेल्या. लॅम्पही गेला.

मी बराच वेळ स्टूलवर तसाच बसून राहिलो. उजेड कुठूनही येत नव्हता.

बोर्डाचं वायरिंग माझ्या हातचं आहे. सात वर्षांपूर्वी तिन्ही सॉकेट मीच टायमरच्या मागे घेतली होती, पंखा वगैरे ट्यूबबरोबरच बंद व्हावा म्हणून. नंतर पंखा थेट लाइनवर नेला आणि बाकीचं विसरलो. लीला गेली त्या संध्याकाळी, माणसं अजून खाली चौकात असताना, मी टायमर पुन्हा जागेवर लावला होता. सोळा दिवस झाडांना रात्र मिळाली नव्हती, दांडे खराब झाले असते. आणि तासाभराने तिचा दिवा त्याच टायमरच्या मागे जोडला.

म्हणजे नऊ वाजता दिवा विझत होता. सातला लागत होता. मी साडेसातला दार उघडून तो चालू बघत होतो आणि मुलीला "होता" म्हणून सांगत होतो. नऊच्या नऊ रात्री.

मग पीठ आठवलं. दिव्याच्या चारी बाजूंनी, पुन्हा पुन्हा, चार चार रेघा. कुणाचंही पाऊल तसं उमटत नाही. दिवा इथेच होता, कुठे गेला, म्हणून अंधारात चाचपणाऱ्या हाताची बोटं तशी उमटतात.

मी रडलो, हे लपवायचं कारण नाही. पण नंतर उठलो, टायमरची चकती पुन्हा जागेवर आणली आणि स्क्रूड्रायव्हर घेतला. अर्ध्या तासात सॉकेट थेट लाइनवर आणलं, पितळी दिवा शोधून झिरोचा बल्ब बसवला आणि कोपऱ्यात लावून ठेवला. मृणालला सांगायचं, असं ठरवलं. श्राद्ध होऊन जाऊ दे, मग सांगू, असंही ठरवलं.

त्या सकाळी आठवा दांडा वाकला होता. दुसऱ्या दिवशी, म्हणजे श्राद्धाच्या सकाळी, मी आधी नववी कुंडी पाहिली. ती दारापाशी आहे, बोर्डाच्या खाली. तिचा दांडा समोर, जसा असावा तसा. रात्रभर बल्ब चालू होता आणि काही घडलं नव्हतं. मला हायसं वाटलं. फॉल्ट सापडला होता आणि दुरुस्तही झाला होता.

६

श्राद्ध नीट झालं. शास्त्रीबुवा जेवून गेले. मृणाल चौकात गंगाबरोबर भांडी आवरत होती. दुपारचा एक वाजला असेल. मी झाडांवर पाणी फवारायला मधल्या खोलीत गेलो, दार लावलं. एका हाताने नववी कुंडी धरली होती, दुसऱ्या हातात फवाऱ्याचा डबा.

लाईट गेली. ट्यूब गेल्या, पंखा गेला, कोपऱ्यातला बल्ब गेला.

बनारसमध्ये लाईट जाण्याचं कुणाला काही वाटत नाही. मलाही वाटलं नाही. चाळीस कुंड्यांमध्ये आंधळ्यासारखं फिरू नये म्हणून मी जागेवरच थांबलो. खोली काळीभोर होती. चौकातून भांड्यांचा आवाज येत होता, भर दुपार होती, आणि मी माझ्या घरात होतो.

मग कोपऱ्यात कुंडी वाजली. मातीची कुंडी लोखंडी फळीवर किंचित सरकली की वाजते तशी. त्यानंतर पानांवरून काहीतरी गेलं. थांबलं. दुसरी कुंडी वाजली.

मनाशी म्हटलं, मांजर. पण मांजर एका कुंडीवरून पुढच्या कुंडीवर जाताना मध्ये हुंदका आवरल्यासारखा श्वास घेत नाही. तिसरी कुंडी, चौथी. घाई नव्हती. आजारी माणूस भिंतीला धरून संडासला जातं तशी ती चाल होती, आणि ती चाल मी सोळा दिवस ऐकली होती.

मी हललो नाही. हलता आलं नाही. भीती वाटत होती, भयंकर वाटत होती. पळून जावंसं मात्र वाटत नव्हतं, हेही खरं. सातवी. आठवी. माझ्या हातातल्या कुंडीचा दांडा हळूच दाराकडे वाकला. माझ्या बोटांवरून काहीतरी गेलं, कोरडं, भुरभुरीत आणि थंड. ते थांबलं नाही. त्याला मी नको होतो. माझ्या खांद्याजवळून ते वर बोर्डाकडे गेलं.

खट्.

काही वेळ शांतता. बाहेर शेजारच्यांची पाण्याची मोटर एकदम घरघरायला लागली. गल्लीत कुणाचा तरी रेडिओ सुरू झाला. कोपऱ्यातला बल्ब मिणमिणता लागला, पण मध्ये मांडणी होती आणि दारापाशी अंधारच राहिला. लाईट आली होती. ट्यूब लागल्या नाहीत, कारण बोर्डावरचं त्यांचं बटण बंद केलं गेलं होतं. वर ढकललं गेलं होतं.

पुन्हा आवाज झाला. बटण आधीच वर होतं, तरी कुणीतरी ते वरच ढकलत होतं. पुन्हा. पुन्हा. आणि त्यामागे तो श्वास, आता रडवेला.

माझ्या एका हातात फवारा होता, दुसऱ्यात कुंडी. मी पस्तीस वर्षांच्या सवयीने म्हणालो, "लीला, खाली."

खट्.

आमच्या ट्यूब लागण्याआधी दोनदा मिचकावतात. पहिल्या मिचकावणीत मला दिसलं. पाठमोरी, तिची हिरवी शाल. एक हात अजून बटणावर. दुसरा हात डोळ्यांवर आडवा धरलेला, एकदम उजेड सहन न झालेल्या माणसाने धरावा तसा. दुसऱ्या मिचकावणीत तिथे दार होतं, आणि दाराला अडकवलेला माझा जुना कोट.

७

मृणालने दार ढकललं. "बाबा, लाईट तर कधीची आली. आत काय करताय? कुणाशी बोलत होतात?"

तिने बोर्डाकडे पाहिलं. काळ्या बटणावर आणि त्याच्या चारी बाजूंना पांढऱ्या बोटांचे ठसे होते, चार चार, एकावर एक. तिने ते जवळून पाहिले. पुसले नाहीत. मग माझे हात पाहिले. मी कुंडी खाली ठेवली. माझ्या बोटांच्या मागच्या बाजूला पिठाची एक रेघ होती.

"मृणाल," मी म्हणालो, "तेव्हा रात्री दिवा नव्हता. रोज नऊला विझत होता. माझ्या हातची चूक. मी न बघताच तुला होता म्हणून सांगत होतो. ते पाखराचं पाऊल नव्हतं."

ती स्वयंपाकघरात गेली आणि समई घेऊन आली, तेल घातलं, वात दक्षिणेला केली. मी पंखा बंद केला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. जाईपर्यंत ती माझ्याशी फार बोललीही नाही, पण रोज फोनवर एकच विचारते. आता मी तिथे जाऊन बघतो आणि मगच सांगतो.

टायमर मी काढून टाकला. ट्यूब रात्रंदिवस चालू असतात, कोपऱ्यात समई असते. झाडांना रात्र मिळत नाही, पंख्याचा वाराही नाही. पानं पिवळी पडली आहेत, पुढच्या थंडीत दांडे यायचे नाहीत. यायला नकोत. त्या बटणावरचे ठसे मी काचेचा तुकडा चिकटवून झाकले आहेत, आणि गल्लीतल्या लोकांना सांगतो की बटण खराब आहे, हात लावू नका.

परवा दुपारी पुन्हा लाईट गेली. समई शांत जळत होती, खोली दिसत होती, कुंड्या जागेवर होत्या. कोणी आलं नाही. मला बरं वाटलं, असं लिहायला हवं. खरं म्हणजे लाईट येईपर्यंत, जवळजवळ दोन तास, मी नवव्या कुंडीपाशी फळीवर हात ठेवून उभा होतो.